ऐकू न येणाऱ्यांसाठी निरोप

शहरातल्या एचएसआर लेआउट या वस्तीत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचा कानाचा दवाखाना आहे. इथे कान तपासतात, श्रवणयंत्रं बसवून देतात. मी पुढच्या टेबलाशी बसते. अपॉइंटमेंट देते, फायली काढते, आणि उद्या कोण येणार त्यांना आज फोन करून आठवण करून देते. या शेवटच्या कामात काही चुकतंय हे माझ्या बरीच वर्षं लक्षातच आलं नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मी फोन करत होते. बहुतेकांच्या घरी फोन उचलणारं कुणीतरी असायचं, म्हणून निभावून जात होतं.

शहराबाहेरच्या होसकोटेहून एक आजोबा यायचे. तिथल्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या मशीनपाशी त्यांचं आयुष्य गेलं आणि त्यातच दोन्ही कान गेले. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब. मी फोन केला की ते उचलायचे, माझं काही कळण्याआधीच मोठ्याने होकार द्यायचे, "सरी अम्मा, येतो," आणि ठेवून द्यायचे.

आमच्या डॉक्टरबाई पुण्याच्या, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. एकदा त्यांची आई घरात पडली आणि त्यांना तातडीने पुण्याला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवायचं ठरलं. मी यादी काढून सगळ्यांना कळवलं. होसकोटेच्या आजोबांना तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा ऐकलं, "सरी अम्मा, येतो."

ते आले. दोन बस बदलून आले आणि बंद दारापुढे पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिले. मला हे बँकेच्या वॉचमनने नंतर सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले तेव्हा मी कागदावर कन्नडमध्ये माफी लिहून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती सावकाश वाचली. रागावले नाहीत.

"फोन थरथरला की कुणीतरी बोलावतंय एवढं कळतं," ते म्हणाले. "काय म्हणतंय ते कळत नाही. लिहून पाठवत जा ना, अम्मा."

त्या दिवसापासून मी माझ्याच मोबाइलवरून एकेकाला मेसेज लिहायला लागले. पण गर्दीच्या दिवशी दोघं-तिघं राहून जायचे, आणि जे राहायचे तेच नेमके घरात एकटे असायचे. आमच्या अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मेसेज आणि ईमेल पाठवायची सोय होती. ते पान मी पूर्वी पाहिलं होतं. त्यावर 'एपीआय की' नावाचं काहीतरी मागणाऱ्या चौकटी होत्या, आणि सॉफ्टवेअर घेतल्यापासून त्या रिकाम्याच होत्या.

डॉक्टरबाईंनी दोन डेव्हलपरना विचारलं. दोघंही 'या आठवड्यात येतो' म्हणाले आणि आले नाहीत. तेव्हा मी म्हटलं, मीच करते.

"अक्का, हे तुमचं काम नाही हो," त्या म्हणाल्या.

"निरोप देणं माझंच काम आहे. पंधरा दिवस द्या."

पंधरा दिवसांत झालं नाही, हे आधीच सांगते. आपल्याकडे धंद्याच्या नावाने हवा तसा मेसेज पाठवता येत नाही. आधी टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर दवाखान्याची नोंदणी करायची. मग मेसेजच्या माथ्यावर दिसणारं छोटं नाव मंजूर करून घ्यायचं. मग मजकूरही आधीच दाखवून पास करून घ्यायचा, फक्त तारीख आणि वेळेच्या जागा मोकळ्या सोडून. कागदपत्रांवरच्या दवाखान्याच्या नावात एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतं, तिथेच आठवडा गेला. माझा पहिला मजकूर नापास झाला, कारण त्यात दवाखान्याचं नावच नव्हतं. दुसऱ्यात डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून 'नवी यंत्रं आली आहेत' असं एक वाक्य घातलं होतं. ती जाहिरात ठरली, तोही नापास. तिसऱ्यांदा मी फक्त कामाचं लिहिलं, एक इंग्रजीत आणि एक कन्नडमध्ये. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेलं. त्यामुळे माझं कन्नड घरगुती आहे, पुस्तकी नाही. ते मी तसंच ठेवलं. दोन्ही मजकूर पास झाले.

मग मेसेज पाठवणाऱ्या कंपनीत खातं उघडलं. एक बटण दाबलं तशी पडद्यावर अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ आली. हीच ती 'की', म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरला मेसेज पाठवू देणारी चावी. खाली लिहिलं होतं की ही पुन्हा दाखवली जाणार नाही. मी घाईघाईने ती वहीत उतरवून घेतली आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बघून बघून टाइप केली. उत्तर आलं, ओळख पटत नाही. चारदा टाइप केली, चारदा तेच. शेवटी मी वहीच्या पानाचा फोटो काढून कंपनीच्या मदतकेंद्राला पाठवला आणि विचारलं, यात काय चुकलंय?

तिथल्या बाईंचा लगेच फोन आला. हिंदीत, पण शांतपणे बोलत होत्या.

"मॅडम, ही चावी आत्ताच्या आत्ता रद्द करा. मी पाहिली ना, आता ती तुमची राहिली नाही. ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या दवाखान्याच्या नावाने काहीही पाठवू शकतो."

"तुम्हालाही दाखवायची नव्हती?"

"मला तर मुळीच नाही."

मला शरमल्यासारखं झालं. घराची किल्ली मी कधी शेजारीसुद्धा ठेवली नाही, आणि ही फोटो काढून पाठवली. त्या फोनवर थांबल्या. मी जुनी चावी रद्द केली, नवी काढली, हाताने न लिहिता थेट कॉपी करून सॉफ्टवेअरमध्ये टाकली. वहीत मी शून्य आणि 'ओ' सारखेच काढले होते हे तेव्हा कळलं. ते पान फाडून टाकलं, फोटो पुसला.

पहिला मेसेज माझ्याच नंबरवर पाठवला. आला, पण सगळी प्रश्नचिन्हं. कन्नड अक्षरांसाठी एक वेगळी खूण करावी लागते, ती राहिली होती. ती केली आणि पुन्हा पाठवला. टेबलावर फोन थरथरला आणि माझं कन्नड मला नीट वाचता आलं. आतून डॉक्टरबाईंना बोलावून दाखवलं. त्यांना कन्नड वाचता येत नाही, तरी बराच वेळ त्या फोन हातात घेऊन उभ्या होत्या.

पुढच्या महिन्यात एका मशीनच्या दुरुस्तीमुळे दोन दिवसांच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलाव्या लागल्या. मेसेज गेले. होसकोटेच्या आजोबांची वेळ होती त्या सकाळी मी मुद्दाम खाली पायरीपाशी जाऊन थांबले. साडेअकरा झाले तरी ते आले नाहीत. एखादा पेशंट आला नाही म्हणून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

ईमेलचं मात्र बाकी होतं. तपासणीचे रिपोर्ट आपोआप जावेत, तर दवाखान्याच्या डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या नोंदीत, काही ओळी भराव्या लागतात, नाहीतर ईमेल स्पॅममध्ये पडतात. डोमेनचा पासवर्ड आमची वेबसाइट बनवणाऱ्या माणसाकडे होता आणि तो फोन उचलत नव्हता. तो महादेवपुऱ्यात एका ऑफिसात नोकरीला लागल्याचं कळलं. मी अर्धी रजा टाकून तिथे गेले आणि रिसेप्शनवर बसून राहिले. माझ्यासारखीच एक बाई तिथल्या टेबलाशी कामाला होती, तिने मला पाणी दिलं. दोन तासांनी तो खाली आला, ओशाळला, म्हणाला, उद्या पाठवतो. मी म्हटलं, "उद्या नको. स्वल्प वेळ बसू, आत्ताच करू." तो बसला. त्याने लॅपटॉप उघडून खातं आमच्या नावावर केलं आणि ओळीही तिथेच भरून दिल्या.

अलीकडे एका सकाळी मेसेज जाणं अचानक थांबलं. पोर्टलवर काहीतरी नवा नियम आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणाला तरी विचारू या का? मी म्हटलं, आधी मला वाचू द्या. त्या दिवशीच्या यादीतल्या सगळ्यांना माझ्या मोबाइलवरून मेसेज केले, खुर्ची पुढे ओढली आणि नियम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.