आईच्या मिक्सरची वायर

सोल्डरच्या राळेचा धूर नाकात गेला आणि चिक्कडपल्लीच्या माहेरच्या घरातली मागची बाल्कनी आठवली. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा तिथे तिचा मिक्सर खोलून सोल्डरिंग करत बसले होते. बाहेर माणसं भेटायला आलेली.

मी चिडून म्हटलं, "बाबा, हे आत्ताच करायला हवं का?"

"वायर सुटलीय," मान वर न करता ते म्हणाले.

शेजारचे रहीमचाचा मला हळूच म्हणाले, "रहने दो बेटा, करने दो उनकू."

काल माझ्या नवऱ्याचा तेरावा झाला. आज मी त्याचा टेबलफॅन उघडून बसले आहे. वायर पक्की आहे. तरी काढते, पुन्हा सोल्डरचा डाग देते.

मिक्सरचीही पक्कीच होती. आई गेली त्या सकाळी मीच त्यात चटणी वाटली होती.