आतोबांचे फुकटचे ग्लास

दारूच्या कंपन्यांना लुबाडणारा आमच्या आतोबांइतका वस्ताद माणूस अख्ख्या नाशकात झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. दारूच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत. पण बाटलीबरोबर कंपनीचं नाव छापलेला ग्लास फुकट मिळतो हे कळल्यापासून ते पिणाऱ्या मित्रांच्या मागे हात धुऊन लागले. बाटली मित्राची, ग्लास यांचा. पाहुणे आले की त्यांना हौसेनं वाइनरी दाखवायला नेणार, पाहुणे वाइन चाखणार आणि भेट मिळालेले सगळ्यांचे ग्लास हे रुमालात गुंडाळून घरी आणणार. "खुळे आहेत रे हे लोक," मला म्हणत, "दारू खपवायला काच फुकट वाटतात. आपण काच घ्यायची, दारू त्यांची त्यांना!"

पंचवटीतल्या त्या घरात बिअरच्या मगमधून ताक मिळे आणि उंच दांड्याच्या ग्लासातून पन्हं. एकदा सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना मसाला दूध निम्मं प्यायल्यावर ग्लासावरचं नाव दिसलं आणि जोरदार ठसका लागला. "गुरुजी, नाव त्यांचं, दूध आपलं!" आतोबा म्हणाले. गुरुजींनी दूध संपवलं आणि हळूच विचारलं, "ही वाइनरी नेमकी कुठं आली हो?" असं सगळेच विचारत. मग आतोबा खुर्ची पुढे ओढून रस्ता, वळण, गाडी कुठं लावायची, सूर्यास्त कुठून बघायचा, सगळं रंगवून सांगत. तासभर बैठक हलत नसे.

दिवाळीत त्या वाइनरीचा मॅनेजर ग्लासांचा खोका घेऊन दारात उभा. "काका, तुमचं नाव सांगत लय गिऱ्हाईक येतं. अशी जाहिरात पैसे देऊन नाय होत!"

आतोबांचा चेहरा पडला. त्यांनी खोका परत पाठवला आणि दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन घरातल्या प्रत्येक ग्लासावरचं नाव घासून काढलं. कारखान्यातला हात, अक्षराचा मागमूस उरला नाही. पण आता पाहुणे ताक पितात, "बरंय, येतो," म्हणतात आणि उठतात. आतोबा रिकामे ग्लास गोळा करत बसतात. ते बघून मला फार वाईट वाटतं.

परवा ताक पिताना मी काचेवरच्या धुरकट डागावर बोट ठेवून विचारलं, "आतोबा, इथं काय लिहिलं होतं हो?"

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या मुद्दाम आत गेली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुला म्हणून सांगतो. गंगापूर रोडनं सरळ निघायचं..."

रस्ता मला तोंडपाठ आहे. "आणि मग कुठं वळायचं?" मी विचारलं.