रखमाजीभाऊंचं पेट्रोल

रखमाजीभाऊंच्या हातून पाणी घातलेलं दूध सुटत नाही, असं आंदर मावळात म्हणतात. मी कोमल, कान्ह्याच्या संकलन केंद्रावर दूध तपासते. माझ्या टेबलावर यंत्र आहे, तरी भाऊंच्या किटल्या आल्या की मला कधी धास्ती वाटली नाही. बावीस वर्षं हा माणूस डोंगरातल्या बारा घरांचं दूध आणतोय, तेही एकाच मोटारसायकलवर. ती चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही, आणि चोक किती ओढायचा ते त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही.

ही गाडी गेल्या ऑक्टोबरात चढावर बंद पडायला लागली. उन्हात किटल्या तास-दीड तास अडकल्या की दूध नासतंच. दोनदा मला ते परत करावं लागलं. तिसऱ्यांदा नासलं तर ही फेरी बंद, असा वरून निरोप आला होता. केंद्राचा टेम्पो खालच्या रस्त्यानं जातो, त्या बारा घरांपर्यंत चढत नाही. घरटी एक-दोन म्हशी, त्यांचं दूध मग न्यायचं कुणी? हे सगळं मी भाऊंना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. मला त्या "बरं"चाच राग आला.

स्टेशनाजवळचा मेकॅनिक गोविंदा म्हणाला, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या गाडीचं रबर त्यानं खराब होतं. त्यानं नळी बदलली, कार्बोरेटर साफ केला. मग पेट्रोल कुठलं घालायचं, यावर चहाच्या टपरीवर सगळेच तज्ज्ञ निघाले. एक म्हणाला साधंच घाल, दुसरा म्हणाला महागडं घाल, तिसऱ्यानं टाकीत ऑइल ओतायला सांगितलं, एकानं तर रॉकेल सुचवलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं हे खरं. पण मनालाच काही कळेनासं झालं तर माणसानं काय करायचं?

त्यात इथेनॉल म्हणजे दारूचीच जात, हे मी बोलून गेले. केंद्रावर दुधात आम्ही थोडं अल्कोहोल घालून बघतो. दूध नासायला लागलं असेल तर लगेच फुटतं. भाऊंनी माझ्या बाटलीकडे बोट केलं. "म्हंजी ज्यानं दूध फुटतंय, त्येच गाडीत घालायचं?"

दुसऱ्या दिवशी ते लॅक्टोमीटर घेऊन पंपावर गेले. ही दुधात सोडायची काचेची नळी. चांगल्या दुधात वर राहते, पाणी असेल तर खाली बसते. पेट्रोलमध्ये ती थेट तळाला गेली, आणि भाऊंनी भर रांगेत भेसळ पकडल्याचं जाहीर केलं. पंपावरच्या हर्षदानं पंपाची स्वतःची नळी आणून आकडा दाखवला. पेट्रोल पाण्याहूनही हलकं, त्यात तुमची नळी बुडणारच, असं समजावलं. भाऊ म्हणाले, एकाच पेट्रोलला दोन नळ्या दोन गोष्टी सांगतात, तर खोटी कुठली? हर्षदानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. नंतर वाईट वाटलं. ज्या नळीच्या जोरावर हा माणूस बावीस वर्षं ताठ उभा होता, तीच आता त्याला परकी झाली होती.

वराळ्याला कंपनीत असलेल्या त्यांच्या भाच्यानं, हृतिकनं, छातीठोकपणे सांगितलं की तिकडच्या एका पंपावर बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं. खरं-खोटं देव जाणे. भाऊ रविवारी जाऊन पाच लिटरची किटली भरून घेऊन आले. मंगळवारी गाडी पुन्हा बंद, या वेळी सपाटीवर, गोविंदाच्या गॅरेजपासून किलोमीटरभरावर. दुधाच्या किटल्यांसकट ती त्यांनी ढकलत आणली. फोन येताच मी चाचणीची बाटली घेऊन तिथंच धावले. दूध फुटलं नाही.

गोविंदानं कार्बोरेटरमध्ये साठलेलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढलं. तळाशी पाण्याचे टपोरे थेंब लोळत होते. भाऊ तडक उठले, त्यांना वराळ्याच्या पंपवाल्याची गचांडी धरायची होती. पेट्रोल कशात आणता, असं गोविंदानं विचारलं. दुधाच्याच किटलीत, भाऊ म्हणाले.

"धुता का?" गोविंदा म्हणाला.

"न धुता किटली भरंल का कोन? कडकडीत पान्यानं धुतो."

"आन पुसता?"

दुधाची किटली कुणी पुसत नाही. धुवायची, पालथी घालायची, भरायची. पेट्रोलच्या किटलीलाही त्यांनी तोच नियम लावला होता.

ते फळीवर बसले. दूध वाचलं, कारण सापडलं, आता उठा, असं मी म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"ताई, सरुबाईचं दूध म्या परवा माघारी लावलं. नळीनं पानी दावलं म्हनून. चार मान्सांत नाय नाय ते बोललो तिला."

सरुबाई म्हणजे वाडीच्या टोकाची म्हातारी, एका म्हशीवर जगणारी. नळीनं दाखवलं म्हणजे पाणी होतंच ना, मी म्हटलं.

"पानी व्हतं. पन तिनं घातलं, ह्ये नळीनं कुटं सांगितलं?"

पेट्रोल कुठलं योग्य, ते अजून ठरलेलं नाही. भाऊ जवळच्या पंपावरचं साधं घेतात, थोडं थोडं, सरळ टाकीत. गाडी कधी धावते, कधी रुसते. फेरी चालू आहे, पण अकराच घरांची. सरुबाईची माफी त्यांनी त्याच संध्याकाळी मागितली. तरी ती अजून दूध देत नाही. बाकीच्या घरांसमोर भाऊ गाडी चालू ठेवूनच दूध घेतात, बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. सरुबाईच्या दारात मात्र रोज इंजिन बंद करून, चप्पल काढून उभे राहतात.