लग्नतिथी नसलेले रविवार

रशीद गेल्याची बातमी आली तेव्हा मी वरवंडला एका हळदीत नवरीच्या मामाला “जरा हसा की मामा” म्हणून विनवत होतो. खिशातला मोबाईल थरथरायला लागला तो थांबेचना. पुण्याच्या आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. शिरूरचे रशीदभाई… सकाळी दुकान उघडता उघडता छातीत कळ आली आणि संपलं. मी मोबाईल खिशात घातला आणि फोटो काढत राहिलो. दुसरं काय करणार? घरी येऊन बघितलं तर त्यानंतरचे सगळे फोटो हललेले होते.

सरळच सांगतो, मी रशीदवर जळायचो. आम्ही दोघंही लग्नांचे फोटोग्राफर, तो शिरूरला, मी दौंडला. लग्नाची तिथी नसलेला रविवार आला की तो एसटीनं आणि मी रेल्वेनं पुणं गाठायचो. मंडईत ग्रुपचे बाकीचे भेटायचे, सगळे नोकरदार, गळ्यात महागडे कॅमेरे. उन्हं चढेपर्यंत भटकायचं आणि मग ठरलेल्या हॉटेलात मिसळ खात एकमेकांचे फोटो बघायचे. रशीद आणि मी एकाच बोळातून, एकाच उन्हात, खांद्याला खांदा लावून चाललेलो असायचो. माझ्या कॅमेऱ्यात भाजीचे ढीग यायचे, त्याच्या कॅमेऱ्यात माणसं. आमच्या ग्रुपच्या म्होरक्या मेधाताई त्याचा फोटो आला की चष्मा पुसून परत बघायच्या. माझा आला की मिसळीत पाव बुडवायच्या.

आणि हा गडी सगळ्यांना “भारी!” म्हणायचा. काल कॅमेरा घेतलेल्यालासुद्धा. माझा फोटो मात्र नीट निरखून बघायचा आणि म्हणायचा, “ठीक हाय, बाळ्या.” इतकी वर्षं त्या एका ‘भारी’साठी मी रेल्वेचे धक्के खाल्ले. नुसतं ठीक हाय! एकदा तर पाटसची एक नवरी माझ्याच दुकानात बसून मला विचारते, “काका, शिरूरच्या रशीदभाईंसारखे काढता येतील का?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या रविवारी त्याला सांगितलं तर पोट धरून हसला. “येतील म्हणून सांग की. शिकवतो मी तुला.” वर माझी गाडी चुकू नये म्हणून स्टेशनपर्यंत सोडायलाही आला. धड रागावूसुद्धा द्यायचा नाही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी सगळे त्याच हॉटेलात जमलो. त्याची मुलगी सना शिरूरहून आली होती. दुकान आता तीच बघते. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो, कारण एवढ्या वर्षांत रशीदच्या दुकानाची पायरी मी कधी चढलो नाही. तिनं अब्बांच्या कॉम्प्युटरमधले फोटो आणले होते आणि मेधाताई लॅपटॉपवर एकेक दाखवत होत्या. एका फोटोशी सगळे थांबले. मंडईमागच्या बोळात निळ्या ताडपत्रीखाली बसलेली लिंबवाली, तोंडाला पदर लावून खळखळून हसतेय. समोर उकिडवं बसलेलं एक गिऱ्हाईक, त्याची नुसती पाठ दिसते. मेधाताईंनी चष्मा काढला. “असं हसणं रशीदभाईंनाच दिसावं,” त्या म्हणाल्या.

तो फोटो माझा होता.

आमच्या ग्रुपमध्ये एक खेळ चालायचा. शेवटचा तासभर दोघादोघांनी कॅमेरे बदलायचे, म्हणजे ‘तुझी लेन्स भारी म्हणून तुझे फोटो भारी’ ही कुरकुर कुणी करायची नाही. ही कुरकुर सगळ्यात जास्त माझीच, हे वेगळं सांगायला नको. हा फोटो काढला त्या दिवशी रशीदचा कॅमेरा माझ्याकडे होता. माझा कॅमेरा घेऊन तो लिंबवालीसमोर बसला, काहीतरी बोलला आणि ती हसत सुटली. ‘ह्यालाच बरी माणसं हसून दाखवतात’ असं मनात म्हणत मी बटण दाबलं. फोटो त्याच्याच कार्डावर राहिले. नंतर मी मागितले नाहीत. मागितले असते तर पुन्हा ‘ठीक हाय’ ऐकावं लागलं असतं!

“हा मी काढलाय,” मी म्हणालो. मेधाताई हळूच म्हणाल्या, “असू दे हो बाळासाहेब… आज तरी.” म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं! मी किती जळतो ते मला वाटायचं माझ्याच पोटात आहे. मेलेल्या मित्राचा फोटोही ह्याला सोडवेना, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. “अहो, ते गिऱ्हाईक नाही, रशीदच आहे तो!” मी ओरडलोच.

तेवढ्यात सना लॅपटॉपजवळ आली. “अब्बाच हायेत ते. शर्टाच्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचा टाका दिसतोय ना, तो अम्मीनं घातलाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हीच बाळ्या का?… म्हंजी, बाळूकाका?”

मी मान हलवली.

“ह्या फोटोपायी अब्बा लई जळायचे तुमच्यावर, काका. मोठा करून दुकानात लावलाय त्यांनी, खुर्चीच्या बरोबर समोर. जेवायला हाक मारली तरी उठायचे न्हाईत. म्हणायचे, माझ्याच कॅमेऱ्यातून काढलाय बाळ्यानं, मला कवा जमंल असलं? अम्मी म्हणली, मग सांगा की त्यांना. तर म्हणाले, सांगून काय डोक्यावर बसवू?”

सगळे हसले. सनाही डोळे पुसत हसली. मला इतका आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग इतका राग आला, की काय सांगू! लबाडा, मी स्टेशनावर गाडीत बसताना एकदा खिडकीतून म्हणाला असतास तर? माझं काय डोकं फिरलं असतं? फिरलंच असतं म्हणा… पण तू असतास ना ते बघायला.

निघताना सना म्हणाली, “काका, दुकानातला तो फोटो तुम्ही घेऊन जावा. तुमचाच हाय.”

“नको गं,” म्हटलं. “त्याच्या खुर्चीसमोरच असू दे. बसू दे त्याला बघत.”