कोपराला लावलेली दोन बोटं

निघोज्याजवळच्या एका शाळेत मी खेळ शिकवते. आमच्या मुलींच्या कबड्डी संघात सगळ्यात चपळ चढाई करणारी मुलगी नववीत होती. तिचे वडील चाकणला कंपनीत, कुटुंब मूळचं लातूरकडचं.

जिल्ह्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात तिचं डोकं जमिनीवर आपटलं. उठली, हसली, पण चालताना तिचा झोक गेला. अशा वेळी तोल तपासण्यासाठी माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप होतं. मोबाईल छातीशी धरून, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. शरीर किती हलतं ते ॲप मोजतं. हिरवं आलं तर खेळायचं, लाल आलं तर डॉक्टरकडे जायचं.

सामन्याच्या सकाळी लाल आलं. परत घेतलं, परत लाल.

"मॅडम, खेळू द्या ना. मला काही होत नाही," ती म्हणाली.

पोरच ते, असंच म्हणणार. शहाणपण मला असायला हवं होतं. पण आदल्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो होतो, आणि मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं होतं, "मॅडम, यंदा तरी?" तिसऱ्या वेळी मी तिच्या कोपराला आधाराला दोन बोटं लावली. हिरवं आलं. त्याचा फोटो मी पालकांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्याच चढाईत ती कोसळली. कुणी पकडलंसुद्धा नव्हतं. उलटी झाली, काही वेळ तिला मी ओळखू येईना. चिंचवडच्या दवाखान्यात तिची आई माझा हात धरून म्हणाली, "तुमी तर तपासलं होतं मॅडम. तुमचा काय दोष?"

मी मान हलवली. होकारार्थी.

पोरगी घरी आली, पण डोकं दुखायचं, वाचताना अक्षरं हलायची. मी दर रविवारी फळं घेऊन जायची आणि न बोलता परत यायची. पाचव्या रविवारी सांगितलं. बोटं, फोटो, सगळं.

 वडील म्हणाले, "पोरीनं दवाखान्यातच सांगितलं होतं आम्हाला."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुमी कधी सांगता, ते बघत होतो."

चार रविवार त्या माऊलीनं मला चहा दिला होता. कपाकडे बघायचीही मला लाज वाटली.

सोमवारी मुख्याध्यापकांना लेखी दिलं. संघ माझ्याकडून काढून घेतला, ते योग्यच झालं. मुलगी आता बरी आहे. दहावीत गेली, कबड्डी मात्र सुटली. व्हरांड्यात दिसली की "नमस्ते मॅडम" म्हणते, अगदी पहिल्यासारखं. ते पहिल्यासारखं असणंच मला सोसत नाही.