सव्वा तास वाजलेलं गाणं

तीन फेब्रुवारीला दुपारी निवडणूक कचेरीत बँडमास्तरांच्या हातात चार हजार सहाशे पन्नास रुपयांचा चेक पडला. सोबत एक फॉर्म होता. मतदान शांततेत पार पडावं म्हणून बँडने एक गाणं बसवायचं आणि प्रचार संपेपर्यंत गावभर वाजवायचं, असं त्यात छापलं होतं. ‘गाण्याचा कालावधी’ या रकान्यात मास्तरांनी स्वच्छ अक्षरात ‘गरजेप्रमाणे’ असं लिहिलं.

“असं चालत नाही,” कारकून म्हणाला. “मिनिटं लिहा.”

“ती आत्ता कशी सांगू?”

कारकुनाने स्वतःच तीन मिनिटं लिहिली आणि शिक्का मारला.

मास्तर एकसष्ट वर्षांचे. बाजाराच्या मागे बारा बाय नऊच्या खोलीत त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. भिंतीवर खुंट्यांना पितळी वाद्यं, टेबलाखाली पितळ सांधायचं डाखकामाचं सामान, आणि बसायला एकच स्टूल, म्हणजे गिऱ्हाईक रेंगाळत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथेच सहा जणांच्या बँडचा सराव. मास्तर क्लॅरिनेट वाजवत. उशिरा येणाऱ्याला ते काही बोलत नसत, आधी घड्याळाकडे बघत आणि मग त्याच्याकडे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं ढोलवाला म्हणे.

पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत दोन पक्षांच्या मिरवणुका नदीवरच्या अरुंद पुलावर समोरासमोर आल्या होत्या. एका मिरवणुकीपुढे मास्तरांचा बँड होता. गाणं चालू होतं तोवर दोन्हीकडचे लोक माना डोलावत उभे राहिले. गाणं संपलं, वादकांनी दम खायला वाद्यं खाली केली, तेवढ्यात कुणीतरी घोषणा दिली. समोरून उत्तर आलं. मग दगड आले. मोठा ढोल नदीत गेला.

मास्तरांचा मुलगा एका पक्षात होता आणि जावई दुसऱ्यात. जावई बँडमधला ट्रम्पेटवाला. त्या दिवशी रीतसर रजा घेऊन तो समोरच्या मिरवणुकीत गेला होता. मुलाचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात पडला. त्याने अठराशे पन्नास रुपये खर्चून नवा दात बसवला, पण ट्रम्पेटला पुन्हा तोंड लावलं नाही. मुलगी माहेरी यायची बंद झाली. आईला फोन करायची, तोही मास्तर दुकानात असतील अशी वेळ बघून.

मास्तरांनी या प्रकरणावर पाच वर्षं विचार केला आणि एकच निष्कर्ष काढला. मारामारी गाण्यात होत नाही, दोन गाण्यांच्या मधे होते. म्हणून त्यांनी संपणारच नाही असं गाणं बांधलं. शब्द साधे होते:

तुझं मत तुझ्यापाशी, माझं मत माझ्यापाशी,
उद्या पुन्हा पाणी भरू दोघे एका नळापाशी.

चालीत मात्र मेख होती. शेवटची ओळ मुक्कामाच्या सुराला येतच नसे. एक पायरी वर थांबायची, आणि पहिल्या ओळीत शिरल्याशिवाय ऐकणाऱ्याला चैन पडत नसे. एक फेरी दीड मिनिटाची.

“मास्तर, हे संपतं कुठे?” म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याने विचारलं. जावयाच्या जागी आता तो होता.

“संपत नाही.”

“मग दम कधी खायचा?”

“पाळीपाळीने.”

“ट्रम्पेट तर एकच आहे!”

“मग कमी खा,” ढोलवाला म्हणाला.

घरी बायकोचं वेगळंच. “अहो, गाण्याने भांडणं मिटली असती तर आपल्या घरात एवढी वर्षं शांतता नसती का?” मग भांडी विसळता विसळता म्हणाली, “या वेळी ते दोघे भिडले ना, तर पोरगी या घराची पायरी चढायची नाही. एवढं ध्यानात ठेवा.”

मास्तरांनी ते ध्यानात ठेवलं होतंच.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दोन मिरवणुकांना पुलासाठी वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या. एक उशिरा निघाली, दुसरी लवकर. पावणेपाचला दोन्ही पुलावर. मागे कोण सरणार? कुणीच नाही. मास्तरांनी बँड आधीच पुलाच्या मध्यावर आणून उभा केला होता. त्यांनी मान हलवली आणि गाणं सुरू झालं. प्रचार सहाला संपणार होता.

वीस फेऱ्या बऱ्या गेल्या. घोषणा द्यायला कुणी तोंड उघडलं, की ओळ पुढे गेलेली असे. पंचविसाव्या फेरीला म्हाताऱ्याचा ओठ सुजला. सव्विसाव्याला त्याचा सूर फाटला आणि त्याने हात जोडले. क्लॅरिनेट एकटं गर्दीला पुरणारं नव्हतं. पलीकडे कुणीतरी झेंड्याची काठी उलटी धरली.

जावई समोरच्या पहिल्या रांगेत होता. मास्तरांनी वाजवता वाजवता त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

तो पुढे आला, म्हाताऱ्याच्या हातातलं ट्रम्पेट घेऊन उभा राहिला. दुसऱ्या मिरवणुकीतून मुलगाही पुढे सरकला. आता दोघांत हातभराचं अंतर होतं.

“वाजवा की दाजी, बघताय काय!”

“दात तू पाडलास, आणि वर मलाच घाई करतोस?”

“दाताचे पैसे देतो. सगळे देतो. आधी वाजवा!”

“किती ते माहीत आहे?”

“अठराशे पन्नास. ताई दर फोनला आईला सांगते. वाजवा हो!”

जावयाने वाजवलं. पहिल्या चार फेऱ्या वाईट, पाचवी बरी. मुलगा शेजारी उभा राहून मान डोलावत होता, आणि तो डोलावतोय म्हणून त्याच्या मागचेही डोलावत होते. सहाला पोलीस अधिकाऱ्याने शिट्टी फुंकली. पन्नासावी फेरी चालू होती. मास्तरांनी शेवटची ओळ एक पायरी खाली उतरवून मुक्कामाला आणली. लोकांनी सुस्कारा सोडला आणि मागे वळून घरी गेले.

मतदान झालं. कोण निवडून आलं ते मास्तरांनी पेपरात वाचलं. कारकुनाने अहवालात ‘तीन मिनिटे, समाधानकारक’ असं लिहिलं.

पुढच्या रविवारी मुलगी आली. आल्या आल्या म्हणाली, “बाबा, दुकान जरा झाडत जा.” जावई मंगळवारी सरावाला दहा मिनिटं उशिरा आला आणि मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं.

मुलाने तीनशे रुपये दिले आहेत. पंधराशे पन्नास अजून बाकी आहेत.