भरलेली भेग

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत कडुबा डेंटरचं गॅरेज आहे. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचा, उरल्यासुरल्या खड्ड्यात लांबीचा लगदा भरायचा, घासायचा आणि वर रंग चढवायचा, यात त्याची हयात गेली. "कुठं ठोकली व्हती ते कुणाच्या बापाला कळायचं नाय," हे त्याचं पेटंट वाक्य.

बद्रीनाथशेठनी आजोबांच्या काळातली गाडी त्याच्याकडे आणली, ती थेट लेहपर्यंतच्या रॅलीसाठी. इंजिनाचं काम कडुबाचा मुलगा इंद्रजीत बघत होता. पत्र्यासाठी कडुबा गाडीखाली शिरला आणि चासीवरची भेग त्याच्या नजरेस पडली. ज्या दोन दांड्यांवर अख्खी गाडी बसते, त्यातला एक गंजून चिरला होता.

"शेठ, हा दांडा बदलावा लागंल. दोन महिने तरी जातील."

"रॅली याच महिन्यात आहे, कडुबा. तुझ्या हातात जादू आहे. झाकून टाक."

शेठ गोड बोलले आणि हा गडी फुगला. इथंच त्यानं माती खाल्ली. वरवर वेल्डिंगचे टाके मारले, लांबी भरली, काळा रंग दिला. रॅलीवाल्यांचा माणूस गाडी तपासायला आला, बॅटरी मारून खाली बघितलं आणि मान डोलावून गेला.

मग शेठ म्हणाले, "वाटेत मेकॅनिक लागेल. इंद्रजीतला नेतो." इंद्रजीतला आभाळ ठेंगणं झालं. क्रांती चौकातून नवी बॅग आली. गाडीच्या दारावर त्याचं नाव लिहिलं गेलं, ते दाखवायला त्यानं आईला गॅरेजवर आणलं. कडुबाच्या डोळ्यांसमोर मात्र ती भरलेली भेग आली. खरं सांगावं तर सगळ्या शहरात छी-थू होणार. तो गुपचूप शेठकडे गेला.

"पोराला नेऊ नका शेठ. त्याच्या आईला बरं नाय."

शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं. काय ते समजले, पण विचारलं नाही. "बरं. दुसरा बघतो," एवढंच म्हणाले.

शेठकडून कारण कळलं तसं इंद्रजीतनं बापाशी बोलणं टाकलं. दुसऱ्याच दिवशी समोरचा टायरवाला कारभारी पेढे घेऊन आला. त्याच्या आकाशचा नंबर लागला होता. दारावरचं जुनं नाव पुसून आकाशचं लिहायचं काम कडुबाकडेच आलं होतं. त्यानं ते सुबक लिहिलं.

"गाडी तू केलीस म्हणून आकाशची आई निवांत हाय," कारभारी म्हणाला. "नायतर त्या डोंगरात कोण धाडतंय पोराला?" त्यानं खाली वाकून चासीवरून हात फिरवला. "लई गुळगुळीत केलंस गड्या. मजबूत हाय ना?"

कडुबानं हातातला पेढा तसाच बाजूला ठेवला. आता बोललंच पाहिजे, हे त्याला पक्कं कळत होतं.

"हाय," तो म्हणाला.

हारतुरे घालून गाडी क्रांती चौकातून निघाली. ती अजून वाटेतच आहे. आकाश जमेल तेव्हा घरी फोन करतो. कारभारीच्या दुकानात फोन वाजला की कडुबाचा हातोडा वरच्या वर थांबतो, आणि समोर कारभारी हसून बोलायला लागेपर्यंत खाली येत नाही.